येत्या वर्षातली तिची पावलं

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पेपरात एक अख्खं पान येतं. नव्या वर्षात कुठले सिनेमे येणार, कुठल्या महिन्यात येणार, कोण कोण आहे त्यात. ज्यांना वेड असतं ते हे पान जपून ठेवतात. कानसेनला वेड नव्हतं. चौतीस वर्षं त्याच धंद्यात काढल्यावर वेड कशाला शिल्लक राहतंय! थिएटरची पायरी शेवटची कधी चढलो हे त्याला आठवतही नव्हतं. आणि तरी त्या रविवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातली कात्री आणली, ते पान कापलं, तीन सिनेमांच्या नावांभोवती लाल पेनाने गोल केले आणि पान फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून टाकलं.

दुपारी मुलगी आली. आई गेल्यापासून ती दर रविवारी यायची. दूध आत ठेवायला फ्रिज उघडणार तोच थांबली.

"बाबा, हे काय? तुम्ही सिनेमाला जाणार?"

"तीन आहेत."

"एक विनोदी, एक हॉस्पिटलवरचा, आणि हा तिसरा तर मी नावही ऐकलं नाही. यात तुमच्या आवडीचं काय आहे?"

"तिन्हींत तुझी आई आहे," तो म्हणाला.

मुलीने पुन्हा त्या तीन लाल गोलांकडे पाहिलं. दुधाची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

त्याची बायको काही नटी नव्हती. तिचा चेहरा पडद्यावर कधी आला नाही आणि तिला कुणी सही मागितली नाही. ती पावलं होती. सिनेमाचं शूटिंग चालू असतं तेव्हा माणसं काय बोलतात तेवढंच नीट टिपलं जातं, बाकीचे आवाज नंतर करावे लागतात. नायिका जिना उतरते तेव्हा आपल्याला ऐकू येतात ती पावलं तिची नसतात. कुठल्यातरी बंद खोलीत, पडद्याकडे बघत, दुसरंच कुणीतरी जागच्या जागी चालत असतं. या कामाला फॉली असं भारदस्त नाव आहे, पण स्टुडिओत सगळे त्याला 'पावलं' म्हणायचे. खोलीच्या मधोमध एक उथळ हौद होता आणि त्याचे कप्पे केले होते: एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात वाळू, एकात खडी. भिंतीशी रॅकवर दीडशे जोड चपला-बूट. बायको त्या हौदात उभी राहून सव्वीस वर्षं चालली. राण्या होऊन चालली, मोलकरणी होऊन चालली, एकदा तर घोडा होऊनही चालली.

तो काचेपलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसायचा आणि तिचं चालणं टिपायचा. काच टेबलाच्या बरीच वर सुरू व्हायची, त्यामुळे त्याला ती कंबरेपासून वर दिसायची. पण बघायची त्याला गरजच नव्हती. त्याचा कान असा तिखट की पंख्याच्या पात्याला लागलेली धूळ त्याला ऐकू येते, अशी स्टुडिओत थट्टा चालायची. त्यावरूनच त्याला सगळे कानसेन म्हणू लागले, आणि पुढे खुद्द बायकोही म्हणू लागली. "अहो कानसेन, मिळालं का एकदाचं?" ती हौदातून ओरडायची. "नाही मिळालं. पुन्हा." मग ती पुन्हा चालायची. त्यांचा अर्धा संसार या दोन वाक्यांवर झाला.

या कानापायी कधीकधी माणसंही दुखावली. बायकोच्या आधी त्या हौदात एक म्हातारे मामा चालायचे. तिला सगळं शिकवलं त्यांनीच. एक दिवस कानसेनने मालकाला सांगितलं, "मामांचं पाऊल बसलंय. टाच टेकताना दोनदा वाजते." मामा गुडघेदुखीने बेजार होते, पण ते कुणाला बोलले नव्हते. पुढच्या महिन्यात मालकाने मामांना घरी बसवलं. बायको चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. त्याला वाटलं, बायकांचं मन हळवं असतं. आपण काही चुकलो असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण टाच खरोखरच दोनदा वाजत होती.

आता घराचं सांगायला हवं, कारण खरी भीती तिथेच होती.

दिवसभर आवाज करणारी ही बाई घरी आली की मांजरीसारखी चालायची. बिनआवाजी. म्हणायची, "दिवसभर पाय विकते, घरी तरी ते माझे राहू देत." तो खिडकीशी पेपर वाचत बसलेला असायचा आणि एकदम पाठीमागून चहाचा कप पुढे यायचा. दर वेळी दचकायचा. म्हणायचा, "अगं, घंटा बांध पायात!" ती हसायची. सव्वीस वर्षं तो रोज दचकला.

माणूस गेलं की घर खायला उठतं म्हणतात. त्याचं घर खायला उठलं नाही. ऑक्टोबरात बायको गेली आणि घर जसंच्या तसं राहिलं. आधीही तिचा आवाज नव्हता, आताही नव्हता. दुसऱ्या कुणाला असा सन्नाटा ऐकून ती नाही हे कळलं असतं. त्याला मात्र तो सन्नाटा ऐकला की ती आतल्या खोलीत आहे असं वाटायचं. ती आतल्या खोलीत असताना अगदी असाच तर आवाज यायचा! दुपारी तीन वाजता तो खिडकीशी बसला की मानेवरचे केस उभे राहायचे. आता मागे आली असेल. आता कप पुढे येईल. तो वळायचा नाही. वळलं की संपलं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मुलीने एकदा त्याची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. "सारखं पाठ करून काय बसता? कोण आलं-गेलं दिसत नाही." ती गेल्यावर त्याने खुर्ची परत फिरवली. पाठ दाराकडेच हवी होती त्याला. येणाऱ्याला वाट मोकळी हवी.

पण पान त्याने कापलं ते काही नुसतं तिचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून नाही. त्याला एक गोष्ट शोधून काढायची होती, आणि तिच्यापायी त्याची झोप आणि भूक दोन्ही गेली होती.

जुलै महिन्यात त्या विनोदी सिनेमाची पावलं चालू होती. नायिका उंच टाचांचे बूट घालून हॉटेलातून पळते, असा प्रसंग. बायको चालत होती आणि त्याच्या कानाला काहीतरी खुपलं. डावा पाय उचलताना टोक किंचित घासत होतं. "डावा घासतोय. पुन्हा." पुन्हा घासला. "अगं, लक्ष कुठाय तुझं? पुन्हा." असं चौदा वेळा झालं. चौदाव्यांदा तो माइकवरून चिडून म्हणाला, "आज घरी भांडून आल्यासारखी चालतेयस." काचेपलीकडे ती घामाघूम झाली होती. "घेते हो, पुन्हा घेते," एवढंच म्हणाली. पंधरावा टेक बिनचूक आला. तो खूश झाला.

ऑगस्टच्या शेवटी ती न्हाणीघरात पडली. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. मेंदूत गाठ होती, चांगली वाढलेली. डॉक्टर सज्जन होते, पण बोलायला मोकळेढाकळे. "वर्षाच्या सुरुवातीला आला असतात तर काढता आली असती," ते म्हणाले. "हिचा डावा पाय ओढत असेल ना केव्हापासूनचा? तुम्हाला घरात कधी जाणवलं नाही?"

घरात कुठून जाणवणार! घरात ती बिनआवाजी, आणि याला बघायची सवय नाही. त्याने कानाने संसार केला होता. पण स्टुडिओत? तिथे तर त्याने तो पाय ऐकला होता, चौदा वेळा. आजार त्याच्या कानात येऊन बोलत होता आणि तो त्याला 'पुन्हा, पुन्हा' म्हणत होता. हा विचार आला की त्याला स्वतःचे कान उपटून टाकावेसे वाटायचे.

तरी जुलै म्हणजे उशीरच. जुलैत कळलं असतं तरी फार काही करता आलं नसतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं. खरा प्रश्न त्याआधीचा होता. हॉस्पिटलवरच्या सिनेमाची पावलं मार्चमध्ये झाली होती. आणि तिसरा सिनेमा, ज्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, त्याची पावलं त्याआधीच्या डिसेंबरात. डिसेंबरात पाय घासत होता का? असेल, तर तेव्हा गाठ लहान होती, तेव्हा ती वाचली असती, आणि कानसेन म्हणवणाऱ्या माणसाने ते कानामागे टाकलं होतं. नसेल, तर आजार नंतरचा. मग त्याच्याकडे दोष नव्हता.

तुम्ही म्हणाल, स्टुडिओत जाऊन ऐकायचं की! काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? पण कळसा काखेत राहिलाच नव्हता. काम निर्मात्याकडे पोचलं की स्टुडिओतलं मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, असा करार असायचा. सिनेमा आधीच बाहेर फुटू नये म्हणून. पुसायचं काम कानसेनचं, आणि तो कामात पक्का. तिन्ही सिनेमांची पावलं त्याने स्वतःच्या बोटाने पुसली होती. आता ती फक्त त्या सिनेमांत होती, आणि सिनेमे नव्या वर्षात येणार होते.

"तिसऱ्यात डावा घासत असेल," त्याने मुलीला सांगितलं, "तर मी काम सोडलं. हेडफोन त्यांच्या टेबलावर ठेवायचा आणि घरी यायचं."

"आणि घासत नसेल तर?"

"तर झोपेन," तो म्हणाला.

पहिला आला जानेवारीत, तो विनोदी. थिएटर भरलेलं होतं. नायिका हॉटेलातून पळाली आणि बायको त्याच्या डोक्यावरून पळत गेली, उजव्या भिंतीतून डाव्या भिंतीत. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. तीन महिने ज्या पायांची तो खिडकीशी बसून वाट बघत होता, ते पाय असे चारशे माणसांत, ठणठणत, त्याच्या जवळून गेले. माणसं पोट धरून हसत होती. तो हुंदका गिळत होता. शेजारच्या बाईंनी त्याच्याकडे बघून आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं.

अर्थात हा पंधरावा टेक होता. घासलेले चौदा कुणाला कधी ऐकू येणार नव्हते.

दुसरा फेब्रुवारीच्या शेवटी आला. त्यात एक नर्स रिकाम्या हॉस्पिटलातून चालत जाते, लांबलचक. एक्केचाळीस पावलं. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, नवव्या पावलाला डावा केसभर उशिरा पडला. दुसऱ्या दिवशी वाटलं, छे, भास. तिसऱ्या दिवशी त्याने थिएटर बदललं, म्हटलं इथले स्पीकर तरी धड असतील. तिथे तेराव्या पावलाला शंका आली. चौथ्या खेपेला पुन्हा पहिल्या थिएटरात गेला, मुलीला बरोबर नेलं आणि अंधारात तिचा हात धरून ठेवला. "हे बघ, आता. ऐकलंस?" "मला काहीच वेगळं वाटलं नाही, बाबा." "नीट ऐक ना गं!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, घरी जाऊन बोला." तिथे तिकिटं फाडणारा एव्हाना त्याला ओळखू लागला होता. बाहेर पडताना डोळे मिचकावून म्हणाला, "हिरोईन फारच आवडलेली दिसतेय."

"पाय आवडले," कानसेन आपल्याच तंद्रीत म्हणाला.

तिकिटं फाडणाऱ्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पुढच्या माणसाकडे वळला. मुलगी लाजून अर्धी झाली. घरी जाताना मात्र बसमध्ये तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. कानसेन आपला नववं पाऊल आठवत बसला होता.

आता सगळं येऊन अडलं तिसऱ्यावर. पेपरातल्या पानावर त्याच्यापुढे 'एप्रिल' लिहिलं होतं. तो चालण्याचाच सिनेमा होता. बंद पडलेल्या एका मोठ्या घराची राखण करणारी बाई, तिच्याखेरीज त्यात कुणी नाही, संवाद जेमतेम दोन पानं. बाकी सगळं तिचं चालणं. सव्वादोन तास पावलं आणि संगीत औषधालाही नाही. त्यात काही लपून राहणं शक्य नव्हतं. मार्च सरता सरता जाहिरात आली: तारीख लवकरच. एप्रिल गेला. मे गेला. त्याने निर्मात्याच्या ऑफिसात फोन केले. फोनवरची मुलगी कंटाळून म्हणाली, "काका, तुमचं कोण आहे त्यात?"

"पावलं," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. ठेवतो."

मग त्याने दिग्दर्शकाला गाठलं. पस्तिशीचा, दाढी वाढलेला, हिरमुसलेला माणूस. तो म्हणाला, "ताई गेल्याचं कळलं होतं मला. खरं सांगू? त्यांची पावलं हाच माझा सिनेमा आहे. पण हक्क विकलेत, काका. माझ्याच सिनेमाची मीच वाट बघतोय." आंधळ्याला आंधळा वाट विचारतोय, अशी गत.

त्या वाट बघण्याने त्याची दशा झाली. स्टुडिओत हौदात आता एक नवी मुलगी चालायची. चांगली होती, मेहनती होती. पण कानसेनच्या तोंडून 'पुन्हा' हा शब्द निघेना. टाच वाजली तरी गप्प, वाळूत खडा करकरला तरी गप्प. मालक म्हणाला, "अहो, काल चक्क एक पाऊल गायब होतं. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" लक्षात आलं होतं. पण 'पुन्हा' म्हणायला तोंड उघडलं की काचेपलीकडे घामाघूम झालेला चेहरा दिसायचा आणि तो टेक तसाच पुढे धाडायचा.

घरी तर आणखीच विचित्र सुरू झालं. पूर्वी पाठीमागे ती उभी आहे असं वाटायचं त्यात ऊब होती. आता भीती वाटू लागली. ती उभी आहे आणि काहीतरी सांगायचंय तिला. चहा नाही आणला तिने. हात रिकामे आहेत. तो खिडकीच्या काचेत बघायचं टाळू लागला. एकदा भर दुपारी, मागे न वळता, तो मोठ्याने म्हणाला, "डिसेंबरात दुखत होता का गं पाय?" आणि कान टवकारून बसला. नळ ठिबकत होता, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली. ज्या कानाला धूळ ऐकू यायची, त्याला याहून जास्त काही मिळालं नाही.

सप्टेंबरात सिनेमा आला. गाजावाजा नाही, काही नाही. एका थिएटरात, सकाळी अकराचा एकच खेळ, एक आठवडा. मुलीने रजा काढली. आत मोजून नऊ माणसं होती. दोघं बरोब्बर मधल्या रांगेत बसले. दिवे मालवले तेव्हा त्याने डोळे मिटले. पडद्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

ती चालू लागली.

फरशीवर, सावकाश. ठक, ठक, ठक, ठक. त्याने श्वास रोखला. दहा पावलं, वीस पावलं, पन्नास. घासत नव्हतं. जिना चढली, जिना उतरली, लांब व्हरांडा पार केला. एकही पाऊल केसभर इकडे तिकडे नाही. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरू लागला. अर्ध्या तासाने त्याने अंधारात मुलीचा हात दाबला आणि मान हलवली. नाही. नाहीये. मुलीने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. त्याचे डोळे मिटलेलेच होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. डिसेंबरात ती धडधाकट होती. मार्चमधला भास होता. तो सुटला होता.

मग तो नुसताच ऐकू लागला. वर्षभरात पहिल्यांदा, चूक न शोधता, तिच्या पावलांबरोबर जाऊ लागला. आणि त्या सुखातच त्याला ते कळलं.

या सिनेमासाठी तिने काळे, बसक्या टाचेचे बूट घातले होते. त्यातल्या उजव्याची टाच निघाली होती, ती त्यानेच चांभाराकडून बसवून आणली होती, रबराची. त्यामुळे त्या जोडातला उजवा बूट जरा बद्द वाजायचा आणि डावा खणखणीत. एक बद्द, एक खणखणीत, असं यायला हवं होतं. तो कान देऊन ऐकू लागला. बद्द. बद्द. बद्द. बद्द.

उजवा, उजवा, उजवा, उजवा.

ती डावा पाय उचलतच नव्हती. डाव्यावर नुसती उभी होती आणि दोन्ही पावलं उजव्याने वाजवत होती. त्याच्या कानाला फसवेल असा ताल धरून, वजन कमी-जास्त करत, सव्वादोन तासांचा सिनेमा तिने एका पायाने वाजवला होता. काचेतून त्याला कंबरेच्या वरचंच दिसत होतं. त्याला आठवलं, त्याच दिवसांत तिने हौदाशेजारी धरायला एक लोखंडी दांडी बसवून घेतली होती. त्याने विचारलं होतं, कशाला? ती म्हणाली होती, वय झालं हो आता. आणि त्या संध्याकाळी तो खुशीत म्हणाला होता, "आज एकही रिटेक नाही! इतकी सरळ तू कधी चालली नव्हतीस." जुलैत उजवाही थकला, तेव्हा तिला डावा खाली टेकवावा लागला. तो घासला, आणि त्याने तो ऐकला.

तिला डिसेंबरात माहीत होतं. कदाचित त्याच्याही आधी.

पडद्यावरची बाई रिकाम्या घरातून चालत राहिली. कानसेनने डोळे उघडले नाहीत. त्याला आता एकेक पाऊल वेगळं ऐकू येत होतं, आणि प्रत्येक पावलामागे तो न उचललेला दुसरा पायही. कान झाकून घ्यावेत असं त्याला वाटलं, पण त्याने झाकले नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं.

बाहेर दुपारचं पांढरं ऊन होतं. बाकीची सात माणसं पांगली. मुलगी थिएटरच्या पायऱ्यांवर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता.

"नव्हतं ना, बाबा? तुम्ही आत म्हणालात, नाहीये."

हो म्हणणं सोपं होतं. एक क्षण तो शब्द त्याच्या ओठांवर आलाही.

"होतं," तो म्हणाला. आणि बुटाचं, टाचेचं, दांडीचं, सगळं तिला सांगितलं. सांगताना त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

मुलीने त्याला दंडाला धरून पायऱ्यांच्या कडेला घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमचा काही दोष नाही यात. आईनेच लपवलं. एवढं लपवलेलं कुणाला ऐकू येणार होतं?"

"कुणापासून लपवलं?"

"बाबा..."

"डॉक्टरपासून नाही लपवलं तिने. डॉक्टर कुठे होता तिथे? त्या खोलीत मी एकटा होतो."

"तुम्ही तिला लगेच दवाखान्यात नेलं असतं. हे तिला कळायला हवं होतं."

तो पायरीवर बसला. मुलगीही त्याच्या शेजारी बसली. दुपारच्या खेळाची माणसं त्यांना वळसा घालून वर चढत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय ऐकत नव्हता, बघत होता.

"नेलं असतं गं," तो म्हणाला. "पण आधी मी दुसरी चालणारी शोधली असती. तुझ्या आईला ते माहीत होतं."